पितळी पावा आणि आमचा कान

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या घरात पहिली शिट्टी आली ती कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेतून. मी तेव्हा सात वर्षांची असेन. चैत्रातल्या त्या यात्रेला कोकणातून कोळी मंडळींच्या पालख्या येतात, डोंगराच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात आणि पायथ्याशी खेळण्यांच्या दुकानांची रांग लागते. तिथे आईने मला पत्र्याची एक शिट्टी घेऊन दिली. ती घरी जेमतेम तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी आजीने ती पत्र्याच्या छपरावर फेकून दिली. “पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये, आन् रातच्याला तर मुळीच नाय, साप येतो,” असे तिचे म्हणणे होते. साप काही आला नाही. शिट्टी मात्र पुढच्या पावसाळ्यात कौले आणि पत्रे शाकारताना गंजून सापडली.

हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी मी पुन्हा एक शिट्टी विकत घेतली. ती चांगली होती, पितळेची होती आणि स्वतःच्या कमाईची होती. ती घेतल्यापासून घरात, गाडीत आणि महाविद्यालयातही मला एकच प्रश्न ऐकावा लागतो: “याचा उपयोग काय?” त्या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊन मी थकले आहे. म्हणून आपल्या वार्षिक अंकाची ही पाने अडवली.

आधी नावाचा घोळ मिटवते. इंग्रजीत या वाद्याला ‘टिन व्हिसल’ म्हणतात. म्हणजे शब्दशः पत्र्याची शिट्टी. पण मराठीत शिट्टी म्हटले की काय डोळ्यांसमोर येते? शारीरिक शिक्षणाचे सर, वाहतूक पोलीस, रेल्वेचा गार्ड (त्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचे असते), नाहीतर नाक्यावर उभा राहिलेला टवाळ. थोडक्यात आपल्याकडे शिट्टी वाजवण्याचा हक्क एक तर अधिकाऱ्याला किंवा उनाडाला. तिसरा मान प्रेशर कुकरचा. बाईमाणसाला फक्त त्या तिसऱ्या शिट्टीची मोजदाद करण्याचे काम. तेव्हा हा शब्द माझ्या कामाचा नाही. माझी नळी वीतभर आणि वर चार बोटे लांब आहे, तिच्यावर सहा भोके आहेत आणि ती उभी धरून वाजवतात. अशा उभ्या वाद्याला आपल्याकडे पावा किंवा अलगूज हे चांगले शब्द आहेत. मी तिला पावाच म्हणते.

पावा म्हणायचे आणखी एक कारण आहे. माझा आजा विसापूरच्या उतारावर गुरे वळायचा. मळवली स्टेशनपासून आमचे गाव पाऊण तास चालत. आज्याच्या कमरेला बांबूचा पावा खोचलेला असायचा. तो त्याने स्वतःच तासलेला होता. मी लहान असताना तो गेला, त्यामुळे तो काय वाजवायचा ते मला आठवत नाही. संध्याकाळी गुरांच्या आधी आवाज यायचा आणि मग गुरे यायची, एवढेच आठवते. तो गेल्यावर पावा कुठे गेला, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. तो जपून ठेवण्यासारखा वाटला नाही, हेच खरे. गुराख्याच्या घरातली मुलगी शाळेत जाऊ लागली की गुराख्याच्या खुणा आधी पुसल्या जातात. त्यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही.

अकरावीत असताना मी प्रथम आडवी बासरी घेऊन बघितली. ज्यांनी ती हातात धरली असेल त्यांना ठाऊक असेल, की बासरी पहिले काही आठवडे माणसाला फक्त वारा देते. ओठांचा आकार, फुंकेचा कोन, अंतर, सगळे तुम्हालाच सांभाळायचे असते. कोणी शेजारी बसून ओठ दुरुस्त करणारे असेल तर ते जमते. आमच्याकडे शेजारी बसायला म्हैस होती. तीन आठवड्यांनी मी बासरी आडव्या वाशाला टांगली. पाव्याचे तसे नसते. त्याच्या तोंडातच एक अरुंद फट असते. ती तुमची फुंक सरळ समोरच्या धारदार कडेवर नेऊन सोडते. त्या कडेवर हवा दुभंगते, नळीतला हवेचा स्तंभ थरथरू लागतो आणि सूर निघतो. ओठांचे काम कारागिराने आधीच करून ठेवलेले असते. त्यामुळे पहिल्या फुंकेलाच स्वर येतो, अगदी लहान मुलाच्या तोंडूनही. ज्याच्या घरात गुरू नाही, गुरूची फी नाही आणि लोकलचे वेळापत्रक सांभाळून जेमतेम अर्धा तास मोकळा सापडतो, त्याच्यासाठी हा केवढा मोठा दिलासा आहे!

म्हणून मी दीडशे रुपयांचा एक पावा घेतला. अॅल्युमिनियमचा होता आणि वर निळा रंग दिलेला होता. माझ्या म्हणण्याचा गाभा इथून पुढे आहे.

त्या निळ्या पाव्यावर मी सात महिने रियाज केला. (रियाज हा शब्द मोठा आहे याची मला कल्पना आहे, पण दुसरा सुचत नाही.) खालचे स्वर बरे लागत. जोरात फुंकून वरच्या सप्तकात गेले की तो किंचाळायचा. खालचा पंचम आणि वरचा पंचम एकमेकांना ओळखच देत नसत. मला वाटे, माझी फुंक कच्ची आहे. मी आणखी जोर लावून पाही, मग कमी जोर लावून पाही. त्याच अवस्थेत मी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव दिले. तिथल्या दोन परीक्षकांपैकी एकांनी सांगितले की हे वाद्य नव्हे, खेळणे आहे. ते मी हसण्यावारी नेले असते. दुसरे परीक्षक मात्र फार सौम्यपणे म्हणाले, “बाळ, मेहनत दिसते, पण तुझा कान तयार नाही. सगळ्यांनाच सुरांचे अंग असते असे नाही.” ते वाक्य घेऊन मी शिवाजीनगरपासून मळवलीपर्यंत खिडकीशी बसून आले. घरी आल्यावर निळा पावा कपाटाच्या मागे टाकला. आपल्याला कान नाही, हे मी खरे मानले होते. आमच्या घरात आजवर कोणाला कान होता म्हणून मला असावा? असाही एक विचार येऊन गेला. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला स्वतःबद्दलचे कोणतेही वाईट मत चटकन पटते.

तो पावा पुन्हा बाहेर निघाला तो योगायोगानेच. मोबाईलवर सूर मोजण्याचे एक फुकट साधन मिळते. वर्गातली एक मैत्रीण गिटारचे सूर त्यावर जुळवीत होती. मी सहज घरी जाऊन निळा पावा त्याच्यासमोर फुंकला. खालचा पंचम जवळपास बरोबर होता. मधला गांधार चढा आणि वरचा पंचम एवढा उतरलेला, की यंत्राचा काटा शेजारच्या स्वराच्या वाटेला लागलेला. मी फुंक कमी-जास्त करून पाहिली. पाव्यात फुंक वाढवली की सूर चढतो, कमी केली की उतरतो. म्हणजे चुकीच्या जागी पाडलेल्या भोकाचा सूर फुंकेने ओढूनताणून जागेवर आणता येतो, पण त्यासाठी प्रत्येक स्वराला वेगळी लाच द्यावी लागते. सात महिने मी ती लाच देत होते. कान तयार नव्हता असे नाही. तो बिचारा रोज तक्रार करीत होता, आणि मीच त्याला गप्प बसवत होते.

तेव्हा मला शाळेतली कंपासपेटी आठवली. सातवीत आमच्याकडे सर्वांत स्वस्त कंपासपेटी होती. तिच्या कर्कटकाचा स्क्रू ढिला होता. वर्तुळ काढायला गेले की शेवट आरंभाला भेटत नसे. मी वहीत तीस वर्तुळे काढली आणि तीसही उघडी राहिली. बाई म्हणाल्या, “लक्ष नाही तुझे.” लक्ष होते. लक्षाशिवाय तिथे दुसरे काहीच नव्हते.

माझे मत एवढेच आहे. गरिबाच्या मुलाला शिकायला म्हणून जे हत्यार दिले जाते ते बहुधा मोडके असते. ‘आधी यावर शीक, मग चांगले घेऊ’ अशी त्यामागची समजूत. वरवर ती शहाणपणाची वाटते, प्रत्यक्षात उलटी आहे. जाणत्या माणसाच्या हातात वाईट वाद्य दिले तर तो त्याचा दोष ओळखतो, फुंकेने, बोटांनी तो झाकतो, नाहीतर ते बाजूला ठेवतो. नवख्याला दोष वाद्याचा की आपला हे कळायला मार्गच नसतो. तेव्हा चांगल्या वाद्याची गरज उस्तादापेक्षा नवशिक्याला जास्त असते. घरात कोणी गाणारे असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते, “ही नळी फेकून दे.” आमच्या घरात ते सांगणारे कोणी नसते. आणि हत्यार मोडके होते म्हणून काम बिघडले, तरी दाखल्यावर शेरा आमच्याच नावापुढे पडतो.

कोणी म्हणेल, मग चांगले वाद्य परवडायला नको का? मान्य. चांगल्या हार्मोनियमची किंमत ऐकून आमच्या घरी लोक हात जोडतील. सतारीचे तर नावच नको. पाव्याची गंमत इथेच आहे. जगातल्या फार थोड्या वाद्यांबाबत असे म्हणता येईल, की उत्तम म्हणावा असा नमुनासुद्धा मजुराच्या थोड्या दिवसांच्या कमाईत येतो.

गेल्या पावसाळ्यात मी भुशी धरणाच्या रस्त्यावर एका ओळखीच्या मावशींच्या गाडीवर कणसे भाजायला गेले. सहा शनिवार-रविवार गेले. मुंबई-पुण्याची गर्दी, अंगावर सतत पाऊस, डोळ्यांत कोळशाचा धूर. दिवसाचे तीनशे मिळत. बारा दिवसांचे छत्तीसशे झाले. अर्धे आईच्या हातात दिले आणि अर्ध्यांतून इंग्लंडमध्ये घडवलेला एक पितळी पावा मागवला.

पुडके उघडले त्या दिवशी दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) खंडाळ्याच्या बंगल्यावरून काम संपवून लवकर आले होते. ते तिथे माळी आहेत. पावा हातात घेऊन त्यांनी त्याचे वजन पाहिले आणि विचारले, “अठराशे? यात सोनं हाय का काय?” मला उत्तर सुचेना. ओसरीवरून आजी म्हणाली, “पितळ हाय. चांगलं हाय.” आजीला पितळ कळते. माझ्या अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी तिची पितळेची घागर मोडीत घातली होती. त्या घागरीबद्दल ती त्यानंतर कधी बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. तिने पावा घेतला, पदराने पुसला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि मला परत दिला.

आता तो वाजवण्याच्या आनंदाविषयी. याच्यावर मी दहा पाने लिहू शकेन, पण संपादक मंडळ कापील.

सहाही भोके बंद करून हलकेच फुंकले की पांढरी दोनचा स्वर येतो. एकेक बोट खालून उचलत गेले की सगळे शुद्ध स्वर ओळीने येतात, बिलावल थाट जसाच्या तसा. पण आपल्याकडचे बासरीवाले षड्ज तळाला धरत नाहीत. वरची तीन भोके बंद, खालची तीन उघडी, तिथे षड्ज धरतात. तसे केले की पांढरी पाच षड्ज होते आणि सगळी भोके उघडी टाकली की नेमका तीव्र मध्यम येतो. म्हणजे काय झाले ते पाहा! एकही भोक अर्धे न दाबता अख्खा यमन त्या नळीत बसला. भूपही बसला, कारण त्याला मध्यम-निषाद लागतच नाहीत. तळाचा स्वर षड्ज मानला तर दुर्गाही तसाच, एकही अर्धे भोक न दाबता. इंग्लंडातल्या कारागिराने यमनाचे नावही ऐकले नसेल. मला ज्या रात्री हे कळले त्या रात्री मी दिवा बंद झाल्यावरही गोधडीत बोटे हलवीत होते. शुद्ध मध्यम हवा असेल तर मात्र थोडी युक्ती लागते. सर्वांत वरचे भोक उघडे ठेवून त्याखालची दोन बंद करायची. कोमल स्वरांसाठी भोक अर्धे झाकावे लागते आणि माझे ते अजून दहात चार वेळा चुकते. पण चुकले की आता मला कळते, चूक माझी आहे. हे कळण्यात जे सुख आहे ते मला नीट सांगता येत नाही. निळ्या पाव्याने मला माझी चूकसुद्धा माझ्या मालकीची होऊ दिली नव्हती.

फुंक थोडी कसली की तोच पंचम वरच्या सप्तकात उडी मारतो आणि दोन्ही पंचम आता एकाच घरातले वाटतात. मोबाईलवर तंबोरा लावते. पाव्याचा आवाज फार उंच असल्यामुळे तंबोरा दोन सप्तके खाली ठेवावा लागतो. तरी षड्ज मिळाला की मिळतो. त्या क्षणी पाव्याचा आवाज अचानक लहान झाल्यासारखा वाटतो, कारण तो तंबोऱ्यात मिसळलेला असतो. ‘तुझा कान तयार नाही’ हे वाक्य पहिल्यांदा जेव्हा असे मिसळलेले ऐकले तेव्हा माझ्या मनातून गेले.

खोट्या स्तुतीची मला गरज नाही, म्हणून उणिवाही सांगते. बांबूच्या बासरीची मींड याच्यात नाही. भोके लहान आहेत, बोट सरकवून स्वर ओढायला जागा थोडी. खर्जाचा गंभीरपणा नाही. आवाज टोकदार आहे. बंद खोलीत वाजवला तर घरचे उठून जातात, आणि त्यांचे बरोबर आहे. यासाठी शेताचा बांध उत्तम. लोणावळ्याच्या पावसात आणखी एक संकट. आपल्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या गारठ्यात पितळ थंडगार असते. श्वासाची वाफ तोंडाच्या फटीत जमून पाणी होते आणि पावा एकदम मुका होतो. मैत्रिणी म्हणतात, “थुंकी साचली.” थुंकी नव्हे, वाफ! वाजवण्यापूर्वी पावा काखेत धरून गरम केला की हे टळते. दिसायला मात्र ते बरे दिसत नाही. याच पावसात बांबूला बुरशी धरते, उन्हाळ्यात तो तडकतो. पितळेला यातले काही होत नाही. बोटांना वास येतो आणि रंग काळवंडतो, एवढेच. एकदा आईने देवाच्या भांड्यांबरोबर तोही चिंच लावून घासला. लखलखीत झाला. पुढचा आठवडाभर यमनाला चिंचेचा वास होता.

‘खेळणे’ या शब्दाकडे थोडे वळते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांच्याआधी बासरीलासुद्धा ख्यालाच्या मैफलीत मान नव्हता. ती गवळ्यांची, लोकगीतांची मानली जाई. त्यांनी लांब, खर्जाच्या बासऱ्या घडवल्या आणि रागसंगीतात तिला जागा करून दिली. आज बासरीला खेळणे म्हणण्याची कोणाची छाती नाही. टिन व्हिसलचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १८४३ साली इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या कोनी वेस्टन या खेड्यातील रॉबर्ट क्लार्कने पत्र्याची नळी वाकवून असा पावा केला आणि तो बनवून विकण्यासाठी मँचेस्टर गाठले. तो शेतमजूर होता आणि आपली अवजारे हातगाडीवर घालून चालत गेला, असे सांगतात. एक-एका पेनीच्या मोलाने हे पावे खपले, म्हणून ‘पेनी व्हिसल’ हे नाव पडले. पुढे आयर्लंडच्या लोकसंगीतात ते मानाचे वाद्य झाले. ज्यांनी ‘टायटॅनिक’ (१९९७) पाहिला आहे त्यांनी त्यातल्या प्रसिद्ध गाण्याच्या सुरुवातीला हाच आवाज ऐकला आहे. फक्त तो खेळण्याचा आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

इथे कोणी मला पकडील: पेनीला मिळणारा पावा चांगला, मग स्वस्ताला नावे का ठेवतेस? बरोबर आहे. १९५०च्या दशकात जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीय मुलांनी अशाच साध्या धातूच्या पाव्यांवर क्वेला नावाचे संगीत उभे केले. स्पोक्स माशियाने हा त्यातला मोठा वादक. ‘टॉम हार्क’ ही त्यांच्यातली एक धून १९५८ साली ब्रिटनमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली होती. ज्या राजवटीत त्या मुलांना स्वतःच्या शहरात मोकळेपणाने फिरता येत नव्हते, त्या राजवटीच्या रस्त्यावरचे हे संगीत. तेव्हा माझा राग स्वस्ताईवर नाही. स्वस्त आणि खोटे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लार्कचा पावा स्वस्त होता. माझा निळा पावा खोटा होता. भोके कुठे पाडायची याचा विचार न करता पाडलेली, वर रंग मारून वाद्य म्हणून विकलेली ती एक नळी होती. उद्या कोणी दोनशे रुपयांत खऱ्या सुराचा पावा आपल्याकडे घडवला, तर मी पहिली गिऱ्हाईक होईन. पुण्याच्या तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान् पिढ्या घडतात. ज्या हातांना घागरीचा गोल साधतो त्यांना सहा भोकांची नळी अवघड नसावी, असे मला आपले वाटते.

घेणाऱ्यांनी एवढे करावे. दुकानात सहाही भोके नीट झाकून हळू फुंकावे, मग तीच बोटे ठेवून जोरात. दोन्ही स्वर मोबाईलवर एकाच नावाचे दिसले पाहिजेत, काटा थोडा हलला तर हरकत नाही. नंतर भोकांच्या कडांवरून बोट फिरवावे. बोटाला धातू ओरखडत असेल तर घडवणाऱ्याने हात राखला आहे असे समजावे. दुकानदार घाई करील. त्याला करू द्यावी.

आता राहिला आजीचा आक्षेप, पोरीच्या जातीचा. आजीशी मी वाद घातला नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही वर्गातल्या मुली भाज्याची लेणी पाहायला गेलो होतो. लेणी आमच्या घरापासून जवळ, पण मी ती शाळेच्या सहलीनंतर पाहिली नव्हती. तिथल्या शिल्पांत एक बाई बसून तालवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ही लेणी. दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या दगडात वाजवणारी बाई कोरताना कारागिराला संकोच वाटला नाही. मी तिचा फोटो काढून आजीला दाखवला. आजीने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “ही ढोलकं वाजवतीय. शिट्टी कुठं वाजवतीय?” मुद्दा बिनतोड होता.

मग मी तिला आयर्लंडच्या मेरी बर्गिनचे वादन ऐकवले. या बाईंचा जन्म १९४९चा. १९७९ साली त्यांची जी तबकडी निघाली तिचे आयरिश भाषेतले नावच ‘पत्र्याच्या शिट्ट्या’ असे आहे, आणि या वाद्याचे नाव निघाले की त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पाण्यावर ऊन हलावे तशी त्यांची बोटे चालतात. आजीने फोन कानाला लावून एक अख्खी धून ऐकली. “बाई हाय?” असे विचारले. मी हो म्हटले. “हिची सासू काय म्हणत असंल?” हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पण तेव्हापासून संध्याकाळी मी बांधावर जाऊ लागले की ती अडवत नाही. दिवस मावळायच्या आत परत ये म्हणते. साप अजून तिच्या हिशेबात आहे. दादा अजूनही तो पावा अठराशेचाच म्हणतात, पण पाहुणे आले की कपाटावरून काढून दाखवतात आणि किंमत मोठ्याने सांगतात. मागच्या आठवड्यात मी भूप वाजवत होते. दादा बांध घालायचे थांबून कुदळीवर हात ठेवून उभे होते. मी थांबले तेव्हा ते म्हणाले, “बाबांचा आवाज याच्याहून खाली होता.” आज्याच्या पाव्याविषयी त्यांच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले वाक्य. त्यावर मी आणखी काही विचारीपर्यंत त्यांनी कुदळ उचलली होती.

निळा पावा मी फेकला नाही. ग्रंथालयामागच्या कट्ट्यावर मधल्या सुट्टीत मी दोन्ही घेऊन बसते. ज्यांना फरक स्वतःच्या कानांनी ऐकायचा असेल त्यांनी यावे, प्राध्यापकांनीही यावे. कान तयार असण्याची अट नाही. रुमाल मात्र आपापला आणावा.